जिथे समोरून गाडी येत नाही

आमच्या ह्यांच्याइतक्या नव्याकोऱ्या गाड्या चालवलेला माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. लग्न झालं तेव्हापासून बघतेय, दिवसाला चाळीस-पन्नास गाड्या कुठे गेल्या नाहीत. हिशेब तुम्हीच करा, मला कंटाळा येतो. पण त्यातली एकही गाडी त्यांनी एका दमात दीड-दोन किलोमीटरच्या पुढे नेलेली नाही. कारखान्याच्या मागच्या फाटकातून तयार गाडी घ्यायची, समोरच्या यार्डात आणून रांगेत लावायची, आणि बंदरात जहाज लागलं की त्याच रांगेतून उचलून जहाजाच्या पोटात नेऊन उभी करायची. मग सगळ्या ड्रायव्हरांना एका व्हॅनमध्ये कोंबून परत आणायचं, की पुढची गाडी. कुठल्या देशात गेली, कोणी घेतली, याची चौकशी करायला कोणाला फुरसत होती?

यार्डात गाडीवर ओरखडा उठणं म्हणजे मोठा गुन्हा. त्यामुळे हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, कमरेला पट्टा नाही, पँटला धातूचं बटणसुद्धा नाही. ह्यांच्या पँटी मी घरी शिवते, नाडीच्या. मी लोकांना पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते, माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी असतं, आणि पडद्यांतून डोकं वर निघालं की ह्यांच्या नाड्या ओवायच्या हा माझा जोडधंदा. एवढ्या भारी गाड्या चालवणारा माणूस आणि कमरेला नाडी. मी हसले की म्हणायचे, "अगं, गाडीला तीच आवडते."

यार्डात त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. त्यांनी लावलेली रांग एका टोकाला उभं राहून बघा, एक दिवा पुढे नाही की मागे नाही. आरसे मिटलेले, पुढच्या गाडीत नि मागच्या गाडीत वीतभर अंतर. एका अंगाला ड्रायव्हर तिरका होऊन बाहेर पडेल एवढी जागा, दुसऱ्या अंगाला बोटभर. मी एकदा विचारलं होतं, त्या बाजूचं दार उघडणार कसं? तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं जसं काही मी भिंतीचं दार कुठाय म्हणून विचारलं. ते उघडायचंच नसतं म्हणाले.

आता एवढा मोठा ड्रायव्हर घरात असताना मी गप्प बसणार आहे का? माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं गाडी घेतली आणि चावी बोटावर फिरवत आमच्याकडे आला, तेव्हा मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हटलं होतं, "छान आहे हो. आमच्या ह्यांच्याकडे रोज चाळीस असतात." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. ह्यांनी मात्र खाली मान घातली होती. मला वाटलं, किती ती नम्रता. आम्ही दोघं कुठेही गेलो तरी बसनं जायचो. गाडी भाड्यानं घेऊ या का म्हटलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, दिवसभर तेच करतो, सुट्टीला तरी नको. मला ते पटायचं. मलाही सुट्टीच्या दिवशी कोणी अभ्रा शिवायला सांगितला तर मी त्याला दारातच उभं करीन.

मग सगळं बिनसायला लागलं. आधी त्या चिपा मिळेनाशा झाल्या. नखाएवढा तुकडा, कुठल्या तरी लांबच्या देशात बनतो, आणि त्याच्यावाचून आख्खी गाडी अडलेली. चालायची, पण विकता यायची नाही. कारखाना काही थांबेना, तुकडा काही येईना, आणि गाड्या येऊन यार्डात साचत गेल्या. पार कुंपणापर्यंत. मग ह्यांना नवीन काम लागलं. उभ्या गाडीची चाकं एकाच जागी दबून चपटी होतात, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक गाडी हातभर पुढे घ्यायची, हातभर मागे. एवढंच. बाकीचे ड्रायव्हर वैतागून गेले, पण ह्यांना ते दिवस आवडले. "बरं वाटतं गं," म्हणायचे. "सगळ्या जागच्या जागी. कोणी कुठे जात नाही."

चिपा आल्या तेव्हा जहाजं येईनाशी झाली. नेहमीच्या समुद्राच्या वाटेवर कसलीशी गडबड सुरू होती, जहाजं लांबचा वळसा घालायला लागली, आज यायचं ते महिन्यानं यायला लागलं. कंपनीतली माणसंही काही झोपलेली नव्हती. त्यांनी थोड्या गाड्या रेल्वेनं धाडून बघितल्या. थोड्या देशातल्या देशातच विकायच्या ठरवल्या. त्यानं रिकामं झालेलं अर्धं यार्ड भाड्यानं देऊन टाकलं. गाड्या लादून नेणारे मोठे ट्रेलर मिळायचे तेही अडून बसले, एकाच वेळी सगळ्यांनाच हवे होते ना. शेवटी एक दिवस ह्यांच्या सुपरवायझरनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ती आमच्या सुनेच्या वयाची मुलगी आहे, बोलायला गोड, पण शब्दाची पक्की. म्हणाली, जवळपासच्या शहरांतल्या शोरूमच्या गाड्या आता स्वतःच्या चाकांवर जातील. एकामागे एक, ताफा करून, आपणच चालवत न्यायच्या. ज्याला रस्त्यावर जमेल तो राहील. यार्ड वर्षाच्या आत बंद होणार आहे, तेव्हा ज्याला नाही जमणार त्याला दुसरीकडे बघावं लागेल. लायसन कोणाकडे आहे?

ह्यांच्याकडे होतं. तरुणपणी काढलेलं, दर वेळी न चुकता नवं करून आणलेलं, कपाटात माझ्या चांगल्या साड्यांखाली ठेवलेलं. ह्यांनी हात वर केला.

हे मला त्यांनी संध्याकाळी सांगितलं, आणि मी म्हटलं, मग काय, तुम्हाला कसली काळजी, तुमच्यासारखा ड्रायव्हर त्यांना मिळणार आहे का. ह्यांनी ताट पुढे ओढलं नाही. माझं बोलणं चालूच. सुनेला म्हटलं, आता बाबा लांब लांब जाणार बघ. शेवटी माझं लक्ष गेलं तर माणूस घामाघूम.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

"कसली?"

"रस्त्याची." मग घाम पुसत, "अगं, यार्डात सगळे एकाच दिशेनं जातात. समोरून गाडी येते म्हणजे काय होतं, तेच मला माहीत नाही."

मी हसणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या जिवावर पाहुण्यांपुढे मिरवले, तो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलाच नव्हता. बसनं का जायचो आपण, ते मला तेव्हा कळलं. राग आला का? आला. एवढी वर्षं एकाच घरात राहून हे मला सांगू नये? पण रागापेक्षा काळजी जास्त. त्यांच्या वयाला आता दुसरं काम कोण देणार, आणि यार्ड सोडून त्यांना येतं तरी काय? ती रात्र आम्ही दोघांनीही छताकडे बघत काढली.

मार्ग काढला सुनेनं. आमची सून शाळेची व्हॅन चालवते. पोरं सोडून दुपारी रिकामी असते. ती म्हणाली, "बाबा, रोज दुपारी या माझ्याबरोबर. त्यात काय एवढं." सासऱ्याला सुनेनं गाडी शिकवायची, आणि तीही जगातल्या सगळ्यात जास्त गाड्या चालवलेल्या सासऱ्याला. ह्यांनी आधी कानावर हात ठेवले. मी म्हटलं, जा मुकाट्यानं, नाहीतर मीच शिकते आणि तुमच्या जागी मीच जाते. गेले.

पहिल्या दिवशी व्हॅन चालू केली आणि सवयीनं दोन्ही आरसे मिटून टाकले. सून म्हणाली, "बाबा, ते उघडे ठेवतात." समोरून ट्रक आला की ब्रेकवर उभेच राहायचे. मागचे लोक भोंगे वाजवून वाजवून दमायचे. सुनेला माझ्यापेक्षा धीर जास्त आहे, ती नुसती म्हणायची, "तो त्याच्या बाजूनं जाईल, आपण आपल्या." हळूहळू जमायला लागलं. एका गोष्टीसाठी मात्र ती रोज त्यांच्या मागे लागायची. ह्यांची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवरून हटायचीच नाही. यार्डात तेच तर करायचं असतं, पुढचा जिथे जाईल तिथे जायचं, तो थांबला की वीतभर मागे थांबायचं. "बाबा, रस्ता बघा, त्याचं शेपूट नको," ती म्हणायची. हे हो हो म्हणायचे आणि पुन्हा शेपूट.

पहिल्या ताफ्याचा दिवस आला. आठ गाड्या, सगळ्या एकाच मॉडेलच्या, सगळ्या पांढऱ्या. सुपरवायझर सगळ्यात पुढे तिच्या गाडीत. ह्यांचा नंबर पाचवा. निघताना तिनं सांगितलंच होतं की ही पहिली खेप म्हणजे परीक्षा आहे, जो नीट पोहोचेल त्याचं नाव पक्कं. मी सकाळी ह्यांना नवीन नाडीची पँट दिली, दुसरं काय देणार? ते गेले आणि मी मशीनवर बसले. एका अभ्र्याची शिवण सरळ आली असेल तर शपथ.

पुढे जे झालं ते मला ह्यांनी सांगितलं त्याहून जास्त त्यांच्या मागच्या तिघांनी सांगितलं, मीठमसाला लावून. शहर संपून दुसरं शहर सुरू होईपर्यंत सगळं झकास चाललं होतं. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. हे घट्ट धरून बसले होते, पण चालवत होते. मग एका मोठ्या चौकात सिग्नल लागला. चौथी गाडी आणि ह्यांची गाडी यांच्या मधे बाजूच्या गल्लीतून एक गाडी हळूच शिरली. मॉडेल तेच, रंग पांढरा. सिग्नल सुटला. ताफा गेला सरळ. ती गाडी वळली डावीकडे. आणि आमचे हे, शेपूट धरून, वळले डावीकडे. ह्यांच्या मागचे तिघे यार्डातलेच गडी, ते ह्यांचं शेपूट धरून वळले.

मी नंतर विचारलं, अहो, नंबर तरी बघायचा. तर म्हणाले, "यार्डात गाड्यांना नंबर नसतातच गं."

ती गाडी होती एका नर्सबाईची. घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तपासून येते, असं तिचं काम. काम उरकून ती घरी निघाली होती. आरशात बघते तर मागे हुबेहूब तिच्यासारखी गाडी. बाजारातून वळली, ती वळली. शाळेमागच्या बोळात शिरली, तर मागे एक नाही, चार. सगळ्या सारख्या. बिचारीच्या पाचावर धारण बसली. तिनं दारं आतून बंद केली, नवऱ्याला फोन लावला आणि घरासमोर येऊन गाडी उभी केली. उतरलीच नाही.

आणि ह्यांनी काय करावं? पुढची गाडी थांबली म्हणून वीतभर मागे थांबले. आरसे मिटले. चावी ठरलेल्या जागी ठेवली. मागच्या तिघांनीही तसंच केलं, एका रेषेत, काय बिशाद कोणी इंचभर पुढेमागे असेल. मग हे खाली उतरले, नाडी सावरत, आणि शोरूम कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. समोर एक दुमजली घर, दारात वाळत घातलेले कपडे, आणि घरातून हातात काठी घेऊन धावत येणारा एक माणूस. तो तिचा नवरा.

तेव्हा त्यांनी पहिला फोन मला केला. सुपरवायझरला नाही, मला. "अगं, मी चुकलो," एवढंच म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं कोणाला तरी धडक दिली. विचारून विचारून कळलं की कोणाला काही लागलेलं नाही, गाडीला ओरखडा नाही, फक्त कुणाच्या तरी दारात चार गाड्या घेऊन उभे आहेत. मी म्हटलं, "मग मला काय फोन करताय, तिला करा." ते म्हणाले, "तिला केला की संपलं." ते खरंच होतं. मी म्हटलं, "संपलं तर संपलं. उन्हात उभे राहू नका." फोन ठेवला आणि मग रडले, खोटं कशाला सांगू.

तिकडे नवऱ्याला सगळं समजलं तेव्हा तो काठी टेकवून हसत सुटला. नर्सबाईला मात्र हसू आलं नाही. तिनं काच खाली केली आणि ह्यांना चांगलं फैलावर घेतलं, बाईमाणसाच्या मागे असं लागतात का म्हणून. हे हात जोडून उभे. त्यांनी सांगितलं की ताई, मी कारखान्याच्या यार्डातला, मला पुढच्या गाडीच्या मागे जायची सवय आहे, तुमची गाडी आमच्यातलीच वाटली. हे ऐकून ती थोडी शांत झाली. सगळ्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, चहा टाकला. एकानं सुपरवायझरला फोन केला. ती पुढून परत यायला निघाली.

ती येईपर्यंत ह्यांनी काय केलं असेल? दुसरा कोणी डोक्याला हात लावून बसला असता. हे नर्सबाईच्या गाडीभोवती फिरत होते. आमच्या कारखान्याची गाडी, पण तशी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. सीटवर प्लॅस्टिक नाही. मागे पोरांची खुर्ची बांधलेली, तिच्याखाली बिस्किटांचा चुरा. दाराला आतून कोणीतरी पेनानं सूर्य काढलेला. पुढच्या बंपरला पोचा. डिकीत वजनकाटा, तान्ह्या बाळांना ठेवतात तसला. ह्यांनी त्या पोच्यावरून हात फिरवला. नर्सबाईला वाटलं नावं ठेवताहेत. ती म्हणाली, "वापरायची वस्तू आहे काका, लागतंच."

"हो की," हे म्हणाले. "मी कधी वापरलेली बघितली नव्हती."

मग ती बोलायला लागली. ही गाडी तिला फार उशिरा मिळाली होती. पैसे भरून बसली, आज येते, उद्या येते, चिप नाही म्हणे, आणि महिन्यांवर महिने गेले. तेवढा सगळा काळ ती दुसऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर तो वजनकाटा घेऊन गावाबाहेरच्या घरांना जायची. एकदा पावसात पोहोचायला उशीर झाला आणि बाळंतिणीचा ताप फार वाढला होता. वाचली ती, पण नर्सबाई म्हणाली, मी त्या दिवशी त्या गाडीच्या कंपनीला इतक्या शिव्या दिल्या. माझी गाडी कुठे कुणाच्या अंगणात सडत पडली होती कोण जाणे.

हे ऐकलं आणि ह्यांचा चहा हातातच राहिला. ते म्हणाले, "ताई, तुमची गाडी माझ्याकडे होती."

हे मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, मी रोज त्यांच्यामधून फिरायचो, हातभर पुढे, हातभर मागे, आणि मला बरं वाटायचं की कोणी कुठे जात नाही. मला एकदाही वाटलं नाही गं, की प्रत्येक गाडीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट बघत बसलंय. ती बाई उठून चाकांकडे बघून आली आणि म्हणाली, "चाकं मात्र चांगली ठेवलीत काका."

सुपरवायझर आली. बोळात शिरताना तिनं लांबूनच ती रांग बघितली असणार, चार गाड्या आणि पुढे पाचवी, एका रेषेत. ह्यांनी कोणाला बोलूच दिलं नाही. "चूक माझी, मॅडम. हे तिघं माझ्यामागे आले. त्यांना काही म्हणू नका. मला तेवढं यार्ड बंद होईपर्यंत यार्डात ठेवा." तिनं नर्सबाईची माफी मागितली, चारही गाड्यांभोवती फेरी मारली, मग त्या तिघांना विचारलं, "तुम्हाला रस्ता चुकला असं वाटलं नाही?" ते म्हणाले, वाटलं, पण फूटपट्टी पुढे होते ना, मग म्हटलं बरोबरच असेल. बाजारातून आले, त्या बोळातून आले, कुठे खरचटलं नाही, कोणी मागे सुटला नाही. तिनं पुन्हा एकदा ती रांग बघितली. हे जमिनीकडे बघत. मग म्हणाली, "काका, तुम्हाला कोणाच्या मागे ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला तुम्ही पहिले. पुढे शेपूटच नसेल तर धरणार काय?"

एवढं सांगून ती गाडीत बसली आणि चौघांना मागे घेऊन शोरूमला गेली. ह्यांना आनंद व्हायला हवा होता की नाही? घरी आले ते पांढरेफटक. नोकरी राहिली होती, पण कशी? उद्यापासून पुढे नुसता रस्ता, आणि समोरून येणारं सगळं जग. मागे सात माणसं, त्यांनी शेपूट धरलेलं, हे जिथे नेतील तिथे ती जाणार. म्हणाले, "मी नाही म्हणून सांगतो तिला."

आता तुमचा जीव टांगणीला ठेवत नाही, सांगून टाकते. ती खेप झाली, नीट झाली, आणि त्याच्यानंतर आजपर्यंत हेच पुढे असतात. आल्यावर मला सांगतात, आज गाडी एका म्हाताऱ्या जोडप्यानं घेतली, आज एका मुलीनं घेतली, तिनं आधी आरशात स्वतःचे केस बघितले. शोरूमवाले म्हणतात, काका, तुमचं काम झालं, निघा की. हे नाही निघत, गाडी घेणारं माणूस येईपर्यंत थांबून राहतात. पण मला सांगायचंय ते त्या खेपेच्या आदल्या संध्याकाळचं.

हे नाही म्हणून सांगायला फोन हातात घेऊन बसले होते. मी सुनेकडून व्हॅनची चावी मागून आणली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. "चला, मला फिरवून आणा."

"कुठे?"

"कुठेही. रस्ता जिथे जाईल तिथे. पुढच्या गाडीच्या मागे नाही."

मी शेजारच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. खोटं नाही सांगत, मला लाजल्यासारखं झालं, या वयात. हे निघाले. गावाबाहेरचा रस्ता, ऊन उतरलेलं, पुढे कोणी नाही. ह्यांचा पाय सारखा ढिला पडायचा, गाडी रांगायला लागायची. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "पुढे कोणी नाही." मी म्हटलं, "मग बरंय ना. मला सगळं दिसतंय. आयुष्यभर बसमध्ये पुढच्या माणसाचं डोकं बघितलं मी." ते हसले. मग थोडा वेग घेतला. समोरून ट्रक आले, गेले. एका वळणावर डोंगर दिसला, मी नुसतं बघा बघा म्हटलं तर म्हणाले, मी रस्ता बघतोय, तू बघ नि मला सांग. मग मी सांगत गेले, झाडं कशी आहेत, कोणाच्या दारात काय चाललंय. किती वेळ फिरलो कोणी मोजलं नाही.

घरी आलो. आमच्या घराला लागून एक लांब भिंत आहे, व्हॅन तिच्याकडेला लावतात. ह्यांनी एका झटक्यात लावली, बघत राहावं अशी. दिवे बंद, आरसे मिटले, चावी ठरलेल्या जागी. तिरके होऊन उतरले आणि सवयीनं मागे न बघता घराकडे चालायला लागले.

मी दार उघडायला गेले तर ते भिंतीला टेकलं. बोटभर उघडलं, तेवढंच. माझ्या काचेसमोर नुसती भिंत. मी हाक मारली नाही. म्हटलं बघू या.

ते दारापर्यंत गेले. किल्लीसाठी खिसा चाचपला आणि थांबले. वळून बघितलं. मी आत बसलेली. काय झालं ते त्यांना लगेच कळलं, कारण ते धावत आले, त्या वयाचा माणूस धावतो तसे. आत बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "यार्डात त्या बाजूला कोणी नसतंच गं."

"माहितीये," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी आरसे उघडले. व्हॅन मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, भिंतीपासून चांगली लांब, वाकडी, फूटपट्टीला शोभणार नाही अशी. मग उतरून माझ्या बाजूला आले, दार पूर्ण उघडलं, आणि मी उतरेपर्यंत ते धरून उभे राहिले.